पाण्याची पाळी आणि छातीतली जळजळ



इटियाडोहच्या कालव्यावर ज्यांचा ऊस आहे, त्यांना रात्रीची पाळी काय असते हे सांगायला नको. दिवसभर धानाच्या बांध्यांत नाहीतर उसाच्या सरीत राबायचे, सांजेला घरी येऊन जनावरांचे पाहायचे, आणि रात्रीचे पाणी आले की पोटात दोन घास जास्तच घालून बॅटरी व फावडे घेऊन वाडीवर निघायचे. साडेदहाला जेवण, अकराला पाणी सरीला लागले. सरी भरेपर्यंत अर्धा-पाऊण तास मोकळा, म्हणून मांडवाखाली घोंगडी टाकून जरा आडवे व्हावे, तर नेमका त्याच वेळी छातीच्या मधल्या हाडामागून एक चटका वर चढतो. घशाशी आंबट-कडू पाणी येते. उठून बसले की बरे, आडवे झाले की पुन्हा तेच.

या चटक्याने माझी तीन वर्षे खाल्ली. सोडा झाला, गोळ्या झाल्या, तिखट सोडून झाले, शेजाऱ्यांनी सांगितलेला प्रत्येक पाला चघळून झाला. मी डॉक्टर नाही, आपल्यासारखाच एक सभासद आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले ते, आणि स्वतःवर करून पाहिले ते, एवढेच येथे लिहितो आहे. लिहिण्याचे खरे कारण मात्र माझी जळजळ नव्हे. ते शेवटी येईल.

आत नेमके काय बिघडते हे एकदा कळले की निम्मी औषधे आपोआप गळून पडतात. घशापासून जठरापर्यंत अन्ननलिका नावाची साधारण वीतभर लांबीची नळी असते. ती जठराला मिळते तेथे स्नायूचे एक कडे आहे. घास आला की ते सैल होते, घास गेला की मिटते. म्हणजे एकाच दिशेने उघडणारे दार म्हणा ना. जठरात अन्न शिजवायला हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते चांगले जहाल असते, पण जठराला आतून चिकट स्रावाचा लेप असल्यामुळे त्याला ते बाधत नाही. अन्ननलिकेला तसा लेप नाही. आम्ल वर आले की ती पोळते, आणि तोच आपला चटका.

आता कालव्याचे दार डोळ्यांसमोर आणा. दार असून पाणी का झिरपते? एक तर दाराचे रबर सैल झालेले असते, नाहीतर मागून पाण्याचा दाब फार झालेला असतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे उतार. उतार उलटा पडला की चांगले दारही पुरे पडत नाही. पोटाचेही हेच तीन प्रकार आहेत. कडे सैल पडते, पोटातला दाब वाढतो, किंवा आपण आडवे होऊन उतारच नाहीसा करतो. बहुतेकांच्या जठरात आम्ल काही जास्त तयार होत नसते, ते चुकीच्या जागी जाते एवढेच. आपल्या जुन्या वैद्यांनाही ही दिशा महत्त्वाची वाटली होती. माधवकरांच्या ‘माधवनिदाना’त अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात वर चढणारे ते ऊर्ध्वग व खाली उतरणारे ते अधोग असे दोन भाग केले आहेत. आपली तक्रार ऊर्ध्वगाची.

जेवणाची वेळ

सगळ्यात मोठा फरक मला पडला तो जेवणाच्या वेळेने. जठर रिकामे व्हायला दोन ते चार तास लागतात, आणि जेवण तेलकट असेल तर आणखी जास्त. म्हणून डॉक्टर सांगतात की जेवणे आणि आडवे होणे यांत तीन तास जाऊ द्या. ऐकायला सोपे आहे. शेतकऱ्याला जमवायचे कसे?

मी असे जमवले. पाळी रात्रीची असली की मुख्य जेवण सांजेला सात-साडेसातला उरकतो. प्रथम प्रथम घरच्यांना हे विचित्र वाटले, कारण आमच्याकडे दिवे लागल्यावर दोन तास गप्पा झाल्याशिवाय ताट वाढायची पद्धत नाही. वाडीवर जाताना सोबत मूठभर मुरमुरे-फुटाणे नाहीतर एखादे केळे असते. भूक लागली तर ते खातो, ताटभर भात नाही. पाळीवरून पहाटे परतल्यावर ‘रातभर जागलो’ म्हणून गरम भात वाढून घ्यायचा आणि लगेच अंग टाकायचे, ही सवय मोडायला मला सर्वांत जड गेली. आता पहाटे थोडी पेज घेतो, आणि पोटभर जेवण झोप झाल्यावर.

भाताबद्दलही सांगितले पाहिजे. झाडीपट्टीत भात म्हणजेच जेवण. भाताने पित्त होते असे पुष्कळ जण म्हणतात, पण भाताचा दोष नाही, ताटातल्या ढिगाचा आहे. दिवसभरातून दोनदा ताट शीग लावून खाल्ले आणि वर तांब्याभर पाणी ओतले, की जठर फुगते, दाब वाढतो आणि कडे मधूनमधून सैल पडत राहते. वाग्भटाने जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवायला सांगितले आहे. आपण चारही भाग भाताला देतो आणि वर वरणाची जागा शोधतो! तेवढाच भात तीन-चार वेळा विभागून खाल्ला तर उपाशीही राहत नाही आणि जळजळही होत नाही.

भगिनींसाठी हे वेगळे लिहितो, कारण त्यांची गोष्ट वेगळी आहे. घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवते. सासरे, दीर, मुले, पाळीवरचा माणूस, सगळ्यांचे झाले की उरलेले वाढून घेते, भांडी आवरते आणि दिवसभराच्या थकव्याने पाठ टेकते. जेवण आणि झोप यांत अर्धा तासही नसतो. मग ‘हिला पित्ताची प्रकृती आहे’ असे घरातले म्हणतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर गर्भाचा दाब खालून असतोच, शिवाय त्या काळात शरीरातल्या बदलांनी कडेही सैल झालेले असते. अशा वेळी तिने आधी जेवून घेतले तर काय बिघडते? हा उपाय बाईच्या हातात नाही, घरातल्या पुरुषांच्या हातात आहे.

दोन विटा

दुसरा उपाय बिनपैशाचा. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. तीन इंच जाडीच्या दोन विटा म्हणजे सहा इंच उतार झाला. डॉक्टरही सहा ते आठ इंचच सांगतात. पाय घसरू नये म्हणून विटेवर पोत्याचा तुकडा टाका. नुसत्या दोन-तीन उशा घेऊन हे काम होत नाही. उशीने मान वर होते, पण पोट दुमडते आणि दाब उलट वाढतो. उतार कमरेपासून पाहिजे. खाली झोपणाऱ्यांनी अंथरुणाखाली तणस भरलेले पोते डोक्याकडे जाड व कमरेकडे पातळ असे दाबून घ्यावे. पहिले चार दिवस आपण पायथ्याकडे घसरतो आहोत असे वाटते. नंतर सवय होते. आमच्या घरी नातवंडे या खाटेवर घसरगुंडी खेळतात.

कुशीचेही असेच आहे. डाव्या कुशीवर झोपले असता जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि अन्ननलिकेचे तोंड वर राहते. उजव्या कुशीवर बरोबर उलटे होते. अलीकडच्या तपासण्यांतही डाव्या कुशीवर अन्ननलिकेत आम्ल कमी वेळ राहते असे दिसले आहे. आपल्या भाषेत दुपारच्या विसाव्याला ‘वामकुक्षी’ म्हणतात. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. शब्द आपण ठेवला आणि कूस विसरलो. भरल्या पोटी दुपारी गाढ झोपणे मात्र जळजळ असणाऱ्याने टाळावेच. त्यापेक्षा शतपावली बरी. शंभर पावले सावकाश. जेवल्या जेवल्या फावडे मारणे ही शतपावली नव्हे, बरं का.

वाकणे, उचलणे, आवळणे

रोवणीच्या दिवसांत बाया सकाळी भात खाऊन बांधीत उतरतात आणि तत्काळ कमरेतून वाकतात, ते दुपारपर्यंत. उसाचे बेणे लावणाऱ्याचे तेच, मोळी उचलून गाडीत चढवणाऱ्याचे तेच. भरल्या पोटाने वाकणे म्हणजे भरलेली पाण्याची पिशवी मधोमध दाबणे. काम तर टळत नाही. पण क्रम बदलता येतो. जेवणानंतरचा पहिला तास पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधीत नेऊन टाकणे, धुऱ्यावरची उभ्याची कामे करणे, पाणी पाहणे यात घालवावा, आणि वाकायचे काम त्यानंतर धरावे. वाकण्यापूर्वीची न्याहारी हलकी ठेवावी. खालून वस्तू उचलताना कमरेतून न वाकता गुडघे मोडून उचलावी, त्याने पाठही वाचते.

लुगड्याची गाठ, धोतराचा काचा, पायजम्याची नाडी, पँटीचा पट्टा हे सगळे आवळून बांधण्याची आपल्याला खोड आहे. जेवताना ते सैल करावे. आणि पोटाचा घेर? ट्रॅक्टर आल्यापासून आपल्यापैकी पुष्कळांचे चालणे कमी झाले आणि जेवण तेवढेच राहिले. पोटावरची चरबी आतल्या आत जठर दाबत राहते. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी ते थोडे जरी उतरवले तरी जळजळीत फरक दिसतो. साखर कमी खा, असे साखर कारखान्याच्या पत्रकात लिहिताना हात अडखळतो खरा, पण सहा कप चहातून जाणारी साखर मोजून पाहावी, एवढे तर लिहिलेच पाहिजे.

मिरची, चहा आणि नाटकाची रात्र

आपल्या भागात केशोरीची मिरची नावाजलेली. मग जळजळीचा सगळा दोष तिच्यावर जातो. पण यात थोडा न्याय करायला हवा. मिरचीने पोटात जखम म्हणजे अल्सर होतो, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथील रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल या डॉक्टरांनी दाखवून दिले की बहुतेक अल्सरच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा मिरचीने अल्सर होत नाही. मात्र आधीच पोळलेल्या नळीला ती झोंबते, हेही खरे. ज्याला झोंबते त्याने कमी करावी, ज्याला झोंबत नाही त्याने उगाच पथ्य पाळून तोंडाची चव घालवू नये.

हे अंबाडीच्या भाजीला, चिंचेच्या सारालाही लागू आहे. ज्याचे त्याने पाहायचे. मी कारखान्याच्या दिनदर्शिकेवर जळजळ झाली त्या दिवशी फुली मारत गेलो आणि शेजारी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले ते लिहीत गेलो. महिनाभराने पाहिले तर फुल्या मिरचीच्या दिवशी नव्हत्या, तेलकटाच्या आणि उशिरा जेवल्याच्या दिवशी होत्या. तेल-तुपाने जठर सावकाश रिकामे होते आणि कडेही सैल पडते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे झाडीपट्टीचे नाटक. दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्यांची नाटके गावोगाव लागतात, रात्र रात्र चालतात. पाहुणे आलेले असतात, जेवणे उशिरा होतात, मध्यंतरात गरम भजी, आणि प्रत्येक अंकाला एक चहा. पहाटे घरी येऊन सगळे आडवे. दुसऱ्या दिवशी गावात सोड्याच्या पुड्या संपतात! नाटक सोडा असे मी कोण सांगणार? पण भजी सोडता येतात, चहा एकावर आणता येतो. उपाशी पोटी कडक चहा काहींना फार जाळतो. दुधाने तात्पुरते थंड वाटते, पण थोड्या वेळाने आम्ल पुन्हा सुटते. पुदिन्याच्या गोळीने ढेकर येऊन मोकळे वाटते, पण पुदिना कडे सैल करतो, म्हणून वर चढणाऱ्या पित्तात तो उलटा पडू शकतो. मोहाची असो की दुकानातली, दारूचेही तेच. ती कडे सैल करते आणि वरून नळी पोळते.

खर्रा

आता दुखऱ्या जागी बोट ठेवतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आपल्या चार जिल्ह्यांत पाहुण्याला चहाआधी पुढे केला जातो. पाळीवर झोप येऊ नये म्हणून पाच-सहा पुड्या सहज संपतात. तंबाखूतले निकोटीन अन्ननलिकेचे कडे सैल करते. चुन्या-तंबाखूचा रस थोडाथोडा गिळला जातो, तो वेगळाच. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच, त्याबद्दल मी येथे अधिक लिहीत नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ हे दारू व तंबाखू कमी करण्याचे काम गावोगाव चालले आहे. आपल्या बाजूला प्रत्येकाने निदान आपल्या पुड्या मोजायला काय हरकत आहे? मी सहावरून दोनवर आलो, दोनवरून शून्यावर यायला वर्ष लागले. मधे दोनदा घसरलो, तेही कबूल करतो.

गोळ्यांनी होणारी जळजळ

रोवणीत आणि ऊसतोडीत कंबर धरते. किराणा दुकानातसुद्धा अंगदुखीची गोळी मिळते, आणि ती उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर, दिवसातून दोन-दोनदा घेतली जाते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या जातीच्या गोळ्या जठराचा तो चिकट लेपच कमकुवत करतात. जखम होते, कधी आतून रक्तस्राव होतो. मिरचीला दोष देणाऱ्याने आधी आपल्या खिशातली गोळी पाहावी. कोणतीही गोळी उभे राहून किंवा बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, आणि गिळल्यावर लगेच आडवे होऊ नये. नाहीतर गोळी नळीत अडकते आणि तेथेच पोळते.

सोड्याने क्षणभर बरे वाटते. पण त्यात सोडियम भरपूर असते, म्हणून रक्तदाबाच्या रोग्याने तो रोज घेणे चांगले नाही. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या खरोखर गुणकारी आहेत. मात्र त्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. जळजळ सुरू झाल्यावर चहाबरोबर घेऊन उपयोग होत नाही. त्या वर्षानुवर्षे आपल्या मनाने चालू ठेवू नयेत. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

सोडा देणाऱ्यांत मीही होतो

आता जे शेवटी सांगतो म्हटले होते ते. आमच्या गावचे एक वडीलधारे सभासद. साठीच्या पुढचे, पण कामाला खंदे. उसाच्या मोळ्या बंडीत चढवताना छाती जळते म्हणून खाली बसले. अंगाला दरदरून घाम. आम्ही चार-पाच जण जमलो. “मामाजी, पित्तच आहे जी, सोडा घ्या, ढेकर आला की बरं वाटते.” हे म्हणणारा मीच होतो, कारण जळजळीचा जाणकार म्हणून गावात माझे नाव झालेले. सोडा दिला, ढेकरही आला. ते घरी जाऊन पडले. रात्री दोन वाजता दम लागला तेव्हा गाडी शोधायची धावपळ झाली. जीव वाचला. पण तो हृदयविकाराचा झटका होता, आणि दुपारपासून रात्रीपर्यंतचे तास वाया गेले होते. आज त्यांना बंडी तर सोडाच, धुऱ्यापर्यंतही दमाने चालवत नाही. भेटले की माझ्याशी नेहमीसारखेच बोलतात.

म्हणून फरक लक्षात ठेवा. पित्ताची जळजळ बहुधा जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर होते आणि उठून बसले की कमी होते. श्रम करताना किंवा चालताना छाती भरून येत असेल, दाब आल्यासारखे वाटत असेल, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, सोबत गार घाम, धाप किंवा मळमळ असेल, तर ते पित्त समजू नका. बायकांत आणि मधुमेहाच्या रोग्यांत ही लक्षणे पुसट असतात, नुसता थकवा नि जळजळ एवढीच असू शकतात. अशा वेळी ढेकर आला म्हणून निश्चिंत होऊ नये. हृदयाचा आलेख काढल्याशिवाय घरी कोणी ठरवू शकत नाही, डॉक्टरसुद्धा नाही.

काही खुणा हृदयाच्या नसल्या तरी थांबण्यासारख्या नाहीत. घास अडकणे, कारण नसता वजन उतरणे, उलटीतून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौचास होणे, आणि पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली जळजळ. यांना दुर्बिणीची तपासणी लागते. त्यासाठी आता प्रत्येक वेळी नागपूर गाठायला नको. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे विचारणा करावी.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक बिनपैशाने लागतो. आमच्या वाडीवरच्या मांडवाच्या खांबावर मी तो खडूने लिहून ठेवला आहे. पावसाने पुसला की पुन्हा लिहितो.